दिव्यांना सहाचा पुरतो

लालबाग,
ता. ९ जानेवारी २०२५

ती. बाबांस आकांक्षाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. आईला गावची हवा मानवली का? आजी मजेत आहे, फक्त माझ्यावर रागावली आहे.

परवा मोरीची भिंत हाताला गरम लागली. वायरिंगची पट्टी उघडली तर आतल्या वायरचं प्लास्टिक करपलेलं. दिव्यांच्या बारीक वायरवरच तुम्ही आजीचा गिझर जोडलात, आणि ब्रेकर सारखा पडतो म्हणून दहाच्या जागी बत्तीस अँपिअरचा बसवलात. बाबा, वायर किती सोसेल त्यावर ब्रेकर ठरतो. आपल्या सगळ्या दिव्यांना सहाचा पुरतो. बत्तीसचा पडेपर्यंत वायर पेटेल.

सध्या तो बंद करून ठेवलाय. फ्रिजच्या लाइनवर टेबललॅम्प लावते, आजी मोरीत बॅटरी घेऊन जाते. ती म्हणते, की बापाच्या कामात खोड काढायलाच डिप्लोमा केलास का. तुम्ही एवढ्या हौसेने बसवलेलं पाठीमागे काढायला मन धजत नाही. बदलू का? रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची आकांक्षा

आचरे,
ता. १५ जानेवारी

चि. आकांक्षास अनेक आशीर्वाद.

घरात पहिली शिकलेली पोर तू, आणि माझ्या परवानगीसाठी म्हातारीला अंधारात ठेवतेस! शहाणी गो बाय माझी. तुझी आई आधी हसली, मग पत्र पुन्हा वाचायला लावलं.

राग नाही. दहाचा होता तेव्हा एकदा आजीच्या आंघोळीत दिवे गेले. ती आतून हाका मारत होती, मी बाहेर पेपर वाचत बसलेला, ऐकूच आलं नाही. शेजारची कौसल्या धावली. त्याच दिवशी दुकानात जाऊन सगळ्यात मोठा मागितला, म्हणजे दिवा जायलाच नको. वायरीचं डोक्यात आलं नाही.

बदल. पण सहाचा पडला तर तिचं काय, तेवढं कळव. आणि वेळेवर जेवत जा.

तुझा बाबा

लालबाग,
ता. २४ जानेवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

काम झालं. दिव्यांना नवी वायर आणि सहाचा ब्रेकर. गिझरला मीटरजवळून वेगळी जाड वायर, तिच्यावर सोळाचा. गिझरचा पडला तरी आता दिवा जात नाही. पुष्कर वायरमनला मी पुन्हा पुन्हा तपासायला लावलं. तो वैतागून म्हणाला, की ताई, तुमच्यापेक्षा इन्स्पेक्टर परवडला.

आजीचा मात्र कुणावरच भरवसा नाही. काल तिने मोरीत जाऊन दार लावून घेतलं आणि मला गिझरचा ब्रेकर पाडायला लावला. दिवा चालूच राहिला. ती बराच वेळ आत होती. बाहेर आल्यावर तुम्हाला एवढंच लिहायला सांगितलं, की त्या दिवशी ती घाबरली नव्हती. घाबरला होता तो तिचा लेक, धोंडू.

दोघं लवकर या. लोभ आहेच, तो राहू द्या.

तुमची आकांक्षा