ताटातली चिमूट

मलकापूर, मंगळवार, संध्याकाळ

दूध, दही, तूप सोडल्यापासून वाटायचं, आपलं खाणं किती साधं. आज डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय, मीठ कमी करा. मग चुकलं कुठे?

जेवताना आईला सांगितलं, ताटात मीठ वाढू नको. ती थबकली. "बिनमिठाचं पान देवाले दाखवतात. जित्या माणसाले तसं काऊन वाढू?" आणि कोपऱ्यात चिमूटभर ठेवलंच. मग जेवणभर तिची नजर त्या चिमटीवर. मीही हट्टानं त्या मिठाला बोट लावलं नाही.

पण दही गेलं, त्याच्या जागी काय आलं? लोणचं, पापड, ठेचा. चिमूट ताटात तशीच राहिली. ठेचा मात्र मी दोनदा मागून घेतला, आणि आईला तेवढ्यानंच बरं वाटलं.