चांगल्या हाताची लेक

आई, मी सोलापुरात आलेय आणि हॉटेलात उतरलेय. तू असतीस, तर हे कळल्यावर आधी तोंडाला पदर लावून हसली असतीस आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलली नसतीस. स्टेशनवर रिक्षावाल्याने विचारलं, "कुटनं आलाय, मॅडम?" मी पुण्याचं नाव सांगितलं. भवानी पेठेत वाढलेली बाई आपल्याच गावात पाहुणी झाली, आणि भाडंही त्याने पाहुण्याचंच लावलं.

येण्याचं कारण सांगते. कामानिमित्त मला देशोदेशी फिरावं लागतं. मध्यंतरी आम्ही ढाक्याजवळच्या एका वस्तीत गेलो होतो. दारात बसून एक लहानगी चिंध्या निवडत होती. माझ्याबरोबरचे परदेशी साहेब कौतुकाने म्हणाले, काय चपळ हात आहेत पोरीचे! सगळे हसले. माझ्या अंगावर काटा आला. तेच कौतुक मी तुझ्या तोंडून ऐकलं होतं, अक्काबद्दल.

आपल्या घरातली ती दुपार आठवते. भिजवलेली पानं ओल्या पोत्यात गुंडाळलेली, तुझ्या मांडीवर तंबाखूचं सूप, एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला मी. आम्हा दोघींना तू एकाच दिवशी बिडी वळायला बसवलंस. अक्काची बिडी पहिल्या दिवसापासून घट्ट. माझी मात्र सैल, दोऱ्यातून निसटणारी. कारखान्यातला तपासनीस बिड्या बोटांनी दाबून बघायचा आणि सैल निघतील त्या तुझ्यासमोरच मोडून टाकायचा. काही दिवस तू ते सोसलंस. मग माझ्या पुढ्यातली पानं ओढून घेतलीस आणि म्हणालीस, "हिच्या हातात काय न्हाय. हिला जाऊ दे शाळंत. थोरलीचा हात लई चांगला हाय." एवढ्यावर दोघींच्या जन्माचा निकाल लागला. खरं तर पाढे मला अक्काच शिकवायची.

आता मी कुठेकुठे भाषणं देते. गरिबीतून वर कशा आलात, असं लोक विचारतात. मी जिद्द सांगते, आईचे संस्कार सांगते. माझी बोटं बोजड होती म्हणून मी शिकले, हे काही सांगत नाही. तुझा रागही येतो आणि रागवायला तोंडही नाही. दोघींना शिकवणं तुला झेपणारं नव्हतं. मला बसवून ठेवणं तोट्याचं होतं, म्हणून तू मला पाठवलंस.

अक्का अजून तुझ्याच जागी बसते. आज दारात चपला काढत होते, तर आतून तुझ्यासारखाच खोकला आला आणि माझ्या तोंडून "आई" निघून गेलं. अक्काने ते ऐकलं. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिच्या शेजारी तिची आठवीतली लेक बिड्या वळत होती. त्या पोरीची बोटं बघून मला बसवेना.

"तिला शिकू दे," मी म्हणाले. "पुढचं सगळं मी बघते."

"किती दिस बघशील?" अक्का म्हणाली. "माजी बोटं आता वळंनात. आन् हिचा हात बघ की, माज्यापरीस चांगला हाय. ह्या वर्षापास्नं पुरती बसवणार हाय तिला."

पोरगी मान खाली घालून वळत राहिली. आपल्याबद्दल चाललंय हे तिला कळत होतं. मग अक्काने पानावरची नजर न काढता विचारलं, "एक विचारू? तू तवा मुद्दाम सैल वळत हुतीस, व्हय?"

आई, मी जीव तोडून घट्ट वळायचे. अंगठा सुजायचा माझा. मला शाळा नको होती, तुझ्या मांडीशेजारची जागा हवी होती. हे सगळं ओठांवर आलं, पण पोरीचे हात थांबलेले दिसले.

"व्हय," मी म्हणाले.

अक्का हसली. "वाटलंच हुतं मला. लई बेरकी तू."

पोरीने पुन्हा पान उचललं. तिने पुढे ठेवलेली बिडी सैल होती. त्यानंतरचीही. अक्काने ती दाबली, तर तंबाखू भुईवर सांडला.

"हाताला काय झालं गं?"

"काय न्हाय. जमंना."

अक्काने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ती आता कडाडणार, असं वाटून मी अंग चोरून उभी होते. पण तिने पोरीच्या मांडीवरची पानं उचलून आपल्या पुढ्यात घेतली आणि म्हणाली, "ऊठ मग. शाळंची येळ झाली."

मी जिंकले, असं समजून मला हसू यायला हवं होतं. पोरगी दप्तर घेऊन पळाली. तिची जागा मोकळी झाली, तसं अक्का त्या जागेवर हात फिरवून मला म्हणाली, "बस की जरा." काम आहे म्हणून मी निघाले आणि हॉटेलात येऊन हे लिहायला घेतलं. हे पाठवायचं कुठे, ते मला ठाऊक नाही. काम काहीच नव्हतं, आई. तुझ्या मांडीशेजारची जागा होती ती; तिथे बसले असते, तर कुणालाच मला उठवता आलं नसतं.