सोळा पिशव्यांतलं पाणी

निलंगा,
१२ मे १९८६

आदरणीय थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा सप्रेम जयभीम.

तुमची कंबर, भाऊजींचा दमा आणि देगलूरच्या आडाचं पाणी, तिन्हींची खुशाली आधी कळवा. आमच्या आडाची विचारू नका. दोन वर्षांपूर्वी पडलेला माझा पोहरा आता वरून दिसतो.

तुमचं पत्र मिळालं. एकटी किती दिवस राहशील, इकडं ये, दोन भाकरी जास्त थापू, असं लिहिलंत. वाचून डोळे भरले आणि जरा भीतीही वाटली, कारण मला खरंच यावं लागतं की काय, ते गेल्या गुरुवारी लातुरात ठरणार होतं.

हे गेल्यापासून (येत्या श्रावणात दोन वर्षं होतील) मी दारोदार कपडे धुवायची पावडर विकते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तीही या दुष्काळात. लोक टँकरची वाट बघतात आणि मी सांगते, बाई, फेस बघा. एक म्हणाली, "फेस बघितला माय. आता खळबळायला पाणी बी तुझ्या कंपनीलाच आणाया सांग." तरी बाया पुडा घेतात आणि पाऊस आल्यावर लागेल म्हणून फळीवर ठेवून देतात. एवढा भरवसा मला जमला नसता.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली, पण कंपनीला ते आत्ता कळलं. उस्मानाबादचा गट मोडून आम्हा सोळा बायांचा लातूर गट करायचा ठरला. कायम कुणाला करायचं आणि घरी कुणाला पाठवायचं, ते बघायला पुण्याहून साहेब आले. (घरी म्हणजे माझ्यापुरतं देगलूर.)

एका लॉजच्या हॉलात सभा होती. समोर फळा, आणि सोळा जणी कंपनीच्या सारख्या निळ्या साड्यांत. जाऊबाई, मी अक्षरं जुळवली ती पुड्यांच्या कागदांवर आणि ह्यांच्या एसटीच्या तिकिटांवर. फळ्यासमोर बसायची ही माझी पहिलीच वेळ. मी इतकी ताठ बसले की शेजारची सिद्धम्मा (उदगीरची, गळ्यात लिंग, निम्मं बोलणं कानडी) म्हणाली, "फोटो काढायले न्हाईत ग, टेक जरा."

साहेबांनी फळ्यावर लिहिलं, 'आपण कोण?' म्हणाले, विकणाऱ्यांची एक ओळख पाहिजे, कंपनीची एक संस्कृती पाहिजे. आमच्यातली धोंडाबाई उभी राहून म्हणाली, "आम्ही बाया, साहेब." ते म्हणाले, बरोबर, आणखी? कुणी म्हणालं प्रामाणिक, कुणी म्हणालं दमलेल्या. मग त्यांनी शपथ म्हणून घेतली, एक टाळी शिकवली. (दोन जलद, एक उशिरा. माझी उशिराची दर वेळी आधीच वाजली.) साहेब घामानं भिजले. माणूस भला. आम्ही सोळा जणी मिळून काहीतरी एक असावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

शेवटी त्यांनी प्यायला पाणी मागितलं. लॉजचा माठ कोरडा होता. पण त्यांचं बोलणं संपायच्या आत सोळा पिशव्या उघडल्या आणि सोळा बाटल्या वर आल्या! काकवीच्या, औषधाच्या, एक तर दारूची (धुतलेली). कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. साहेब चकित, आणि आम्ही त्यांच्याहून चकित. विचारलं तेव्हा कळलं, आमच्यातली एकही जण गिऱ्हाइकाच्या दारात पाणी मागत नाही. दुष्काळातल्या घराकडं मागायची लाज वाटती, असं धोंडाबाई म्हणाली. सिद्धम्मा दुसऱ्या घरचं पाणी पीतच नाही. मी का मागत नाही, ते तुम्हाला सांगायला नको. वरून सोडलेल्या धारेखाली ओंजळ धरून आपण दोघींनी पुष्कळ पाणी प्यालंय. कारणं सोळा असतील, पण साहेबांनी फळ्यावर ओळ एकच लिहिली. 'आपण पाणी मागत नाही, सोबत नेतो.'

मी ती चार वेळा वाचली. फळ्यावर लिहिलेलं आणि माझ्याबद्दलचं! अंगावर काटा आला, जाऊबाई. अजूनही येतो.

सोळाही जणी कायम झालो. तेव्हा मी देगलूरला राहायला येत नाही, राग धरू नका. पाऊस पडला की चार दिवस येईन.

तुमची धाकटी जाऊ,
चतुराबाई

ता.क. तुमच्याशी खोटं कशाला? माझी बाटली रिकामी होती. बूच सैल असल्यानं एसटीतच सगळं पाणी पावडरीच्या पुड्यावर सांडलं आणि लातूर येईपर्यंत पिशवीतून फेस येत होता. साहेब एकेक बाटली हातात घेऊन बघत आमच्या रांगेकडं येत होते. सिद्धम्मानं माझ्याकडं बघितलं, आणि आपल्या बाटलीतलं निम्मं पाणी माझ्या बाटलीत ओतलं. वरून धार धरून नाही, बाटलीच्या तोंडाला तोंड लावून. "सांडशील, नीट धर," एवढंच म्हणाली. मग राहिलेलं पाणी आपल्या त्याच बाटलीतून प्याली. हे काही फळ्यावर आलं नाही.

आणखी एक, ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसले. आता कायम झाले, तर गळकी बाटली चालायची नाही. हे कंडक्टर असताना एसटीच्या खिडकीला अडकवायचे ती पाण्याची कापडी छागल मयताच्या दिवशी भाऊजींनी सोबत नेली होती. ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पाठवून द्या. मळली असेल. असू द्या. धुऊ मात्र नका.