सून जानेवारीत पळणार

डहाणू, ४ नोव्हेंबर २०२५

चि. संगिता हिस ताईचा आशीर्वाद, वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. या घरात सुनेचे कान फार तिखट आहेत, म्हणून. शिवाय शाळेत सिस्टर आपल्याकडून घरी पत्रं लिहून घ्यायच्या, ती सवय हाताला अजून गोड लागते.

ललितची बदली सुरतेला झाल्यापासून श्रुतिका उजाडायच्या आत बाहेर पडते. विचारलं तर म्हणते, चालायला. चालून आलेली बाई इतकी घामाघूम होते का गं? मोबाइलमध्ये काहीतरी बघून स्वतःशीच हसते. ओवी उठते तेव्हा अंघोळ करून अशी उभी, जणू काही घडलंच नाही. त्यात काल शेजारच्या कविताबेन कुंपणावरून म्हणाल्या, तुमची वहू जानेवारीत भागवानी छे. पळून जाणार! एवढ्याशा पोरीला टाकून! कुणाबरोबर, हे विचारायला माझी जीभच उचलली नाही.

आज फाटकाला कुलूप घातलं. ती कुलूप बघून माघारी फिरली. उजाडल्यावर ओवीला घेऊन तलासरीला माहेरी गेली. तुझ्या मागच्याच गल्लीत आहे, लक्ष ठेव. ललितला अजून कळवलेलं नाही.

तुझा लोभ आहेच, सध्या त्याचे डोळेही उघडे असू देत.

जयमालाताई


तलासरी, ९ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझी हेर सकाळीच पिशवी घेऊन भाजीवालीपाशी उभी राहिली. श्रुतिका हायवेकडून पळत आली. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. मला बघून थबकली आणि रडायलाच लागली.

अगं, ती जानेवारीत मॅरेथॉन पळणार आहे, बेचाळीस किलोमीटर! कविताबेनना तिने मराठीत 'पळणार' सांगितलं. त्यांनी ते गुजरातीत नेताना 'दोडवानी', म्हणजे धावणार, म्हणायचं सोडून 'भागवानी' केलं, आणि डहाणूत जन्म काढलेली तू लगेच कुलूप शोधलंस! मी हसून बेजार.

ती मात्र हसली नाही. घरी का सांगितलं नाहीस, विचारलं. तर म्हणाली, शिवणक्लास अर्धा सोडला तेव्हापासून आई पाहुण्यांना सांगतात, आमची श्रुतिका सुरुवात छान करते हो. आता हेही अर्धंच राहिलं तर? कुलूप पाहून तिला वाटलं, तुला कळलंय आणि तुला ते नकोय. नाव मागे घेते म्हणते.

माझ्यावर माया करतेस, त्यातली थोडी तिकडे वळव.

संगी


डहाणू, ११ नोव्हेंबर

चि. सौ. श्रुतिका हिस आशीर्वाद.

कुलूप काढलं आहे. ते का घातलं होतं हे संगिताने सांगितलंच असेल, म्हणजे आता सगळी तलासरी हसत असेल. शिवणक्लासचं मी बोलले ते खोटं नव्हतं, पण पाहुण्यांपुढे बोलायला नको होतं.

आमच्या शाळेत मुलींनी व्हरांड्यात पळायचं नाही, असा नियम होता. मी कधी मोडला नाही. आज मोडावासा वाटतो, पण गुडघे ऐकत नाहीत.

नाव मागे घेऊ नकोस. ओवीचं सकाळचं मी बघेन. ती उठली की तिला घेऊन पारनाक्याला समुद्राकडच्या बाकावर बसेन. लक्ष ठेवायला नाही, तू येताना दिसावीस म्हणून.

या म्हातारीवर राग असला तरी लोभ सोडू नये.

तुझी,
आई


तलासरी, १३ नोव्हेंबर

ती. आईंना सा. न.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतकं गोड तुम्ही आपणहून लिहिलंत, की संगितामावशींनी बसवून लिहून घेतलं, हा संशय आहेच. मावशी शपथेवर नाही म्हणतात, पण हसतात.

नाव मागे घेतलेलं नाही. उद्या आम्ही दोघी येतो. वीस किलोमीटरच्या पुढे माझे पाय म्हणायला लागतात, पुरे, थांबलीस तर कुणाला कळतंय. रस्त्यावर कुणी नसतं, मग मी खरंच थांबते. दर वेळी तिथेच थांबते.

बाकावर तुम्ही लक्ष ठेवायलाच बसणार, हे मला ठाऊक आहे. बसा. तुम्ही बघत असलात तर थांबायची माझी छाती होणार नाही.

आपली,
श्रुतिका