डाव्या पोटरीतली गाठ

११ नोव्हेंबर
आले एकदाची मुलुंडला! सिझेरियननंतर हॉस्पिटलमधून थेट सासरी. मला आई नाही आणि आमच्या अंधेरीच्या भाड्याच्या खोलीत बाळंतपण काढायला जागा नाही, म्हणून सासूबाईंनी स्वतःहून बोलावलं. दारात भाकरतुकडा ओवाळला. मागची खोली मला दिलीय, खिडकीतून डोंगर दिसतो. शेक-शेगडीचा एवढा धूर झाला की चौदाव्या मजल्यावरचा स्मोक अलार्म वाजला आणि वॉचमन धावत वर आला. हसून हसून टाके दुखले. कानांत कापूस, वरून घट्ट रुमाल. आरशात मीच मला ओळखू येईना.

१३ नोव्हेंबर
पार्वतीमावशी मालिशला येते. हात दणकट, तोंड त्याहून. सासूबाईंचे नियम मात्र अफाट! बारशापर्यंत खोलीबाहेर जायचं नाही, कापूस काढायचा नाही, वाचायचं-लिहायचं नाही, डोळे अधू होतात म्हणे. मोबाईल त्यांच्या कपाटात गेला. मी लेकीला पाजता पाजता गुपचूप लिहिते. बारसं अठराला. नाव आत्या ठेवणार, म्हणजे माझी नणंद दीप्ती. मला तरी सांग गं म्हटलं, तर म्हणाली, पाळण्यापाशीच ऐकायचं.

१५ नोव्हेंबर
डावी पोटरी सुजलीय. गरम, तांबूस, दाबलं की कळ येते. मी इतकी वर्षं सीटी स्कॅनचं मशीन चालवतेय. शिरेत औषध सोडून छातीचे फोटो काढायचे. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जिथे ते पोचत नाही, तिथे रक्ताची गाठ. बहुतेकदा पायातून सुटून वर आलेली. बाळंतिणींना हे होतं. पाय चोळायचा नाही, सोनोग्राफी करायची, रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू करायचं. वेळेवर कळलं तर माणूस हसत घरी जातो. हे सगळं मी सासूबाईंना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मावशीला म्हणाल्या, वात धरलाय, तिथे जरा जास्त जोर लाव.

१६ नोव्हेंबर
नवऱ्याला, सर्वेशला सांगितलं. म्हणाला, तू फोटो काढतेस गं, डॉक्टर नाहीस. गावची माणसं निघालीत, बारसं होऊ दे, मग नेतो. मी ओरडले, तर सासूबाईंनी दार लावून घेतलं. मग उशाशी बसून माझे खांदे धरले, अगदी मायेने. मावशी टाचेपासून गुडघ्यापर्यंत अंगठे रेटत राहिली. मी उजवा पाय झाडला, तर दीप्ती त्यावर बसली. हसत होती. तिघींची भयंकर चीड येते.

१७ नोव्हेंबर
बाथरूमपर्यंत गेले तरी दम लागतो. श्वास घेतला की बरगडीखाली चमक. खोकल्यात रक्त. टॉवेल दाखवला. सासूबाई म्हणाल्या, हिरडी फुटली असेल. टॉवेल धुऊन टाकला.
एक तुकडा सुटलाय— मोठी गाठ अजून पोटरीतच आहे—
हात जोडले, उद्या मालिश नको म्हटलं. म्हणाल्या, उद्या पाहुणे बघतील, पाय बरा दिसायला हवा. खिडकीतून हाका मारल्या. चौदा मजले खाली कोण ऐकतंय. मला मरायचं नाही. लेक अजून नीट बघितलीही नाही.

१८ नोव्हेंबर
मालिश झाली. दोघींनी धरलं. मावशीने पार मांडीपर्यंत— मग म्हणाली, बघा, गाठ विरघळली. सूज उतरली. सासूबाई खूश. तिला वेगळी साडी दिली.
मला माहीत आहे ती कुठे गेली.

लेकीला बाहेर नेलं. मला उठवत नाही— सर्वेश डोकावला— ओठ बघ म्हटलं, नखं बघ, निळी— म्हणाला, थकलीयस, पड जरा. दार ओढून घेतलं.

हवा पुरत नाही— छातीवर कुणी—

बायका पाळण्याभोवती जमल्या असतील— दीप्ती वाकली असेल— रुमाल मागे बांधलाय, हात पोचत नाही— कापूस— लेकीचं नाव— काय ठेवलं, मला ऐकू