चांदणीचं पीस

रविवार, संध्याकाळ

चांदणी आजही आली नाही. अकोल्याहून शर्यतीत सोडलेली बाकीची कबुतरं गुरुवारीच अमरावतीत उतरली.

तिचे मालक देवराव माळी सकाळी तिचं चित्र न्यायला आले. चित्रातला डोळा मी नेहमी शेवटी रंगवतो, कबूतर हातात धरून. त्यासाठीच बुधवारी चांदणी माझ्याकडे होती. ती फडफडली, मी पंख घट्ट दाबला आणि उडायचं एक लांब पीस हातात आलं. पंख मिटल्यावर काही दिसत नव्हतं. पीस ब्रशांच्या डब्यात खुपसलं. सांगितलं असतं तर देवरावांनी तिला शर्यतीला पाठवलंच नसतं. का नाही सांगितलं? एवढ्यानं काय होतं, म्हटलं. खोटं! पुन्हा कुणी माझ्या हाती कबूतर देणार नाही, ही भीती होती.

चित्रातला पंख आधीच रंगवून झाला होता. देवराव त्यावर बोट फिरवत एकेक पीस मोजत राहिले.

"सारे पिसं पुरे हायेत न, बापू. मंग काहून नाही आली थे?"

"ससाण्यानं धरलं असन, काका."

ते पीस त्यांच्या कोपराशीच होतं. चित्रावर सही करायला मी त्याच डब्यातून ब्रश काढला.