पाठ चोळून घ्यायची नोकरी

ती. ताईस, धाकटीचा वाकून नमस्कार.

मी सुखरूप आहे, जेवणखाण वेळेवर होतंय. टूर कंपनीने मला हॉटेलांतले मसाज आधी स्वतः घेऊन बघायला पाठवलंय, हे सांगायची लाजच वाटत होती. तू तिकडे आईला उचलतेस आणि मी इकडे पाठ चोळून घेते, वर पगारही घेते!

समुद्राकाठच्या हॉटेलात एका धिप्पाड बाईने मला कणीक तिंबावी तसं तिंबून काढलं. मी ओरडले तर हसली. इथे डोंगरात सगळं उलटं. अंधारी खोली, कोमट तेल, आणि बाई सारखी हळूच विचारते, "दुखतंय का?"

कूस बदलताना तिने मला ओढलं नाही, अंगाखालची चादर धरून अलगद वळवलं. आईला तसं वळवून बघ, तुझ्या कमरेवर भार येणार नाही. तिच्या पाठीवरची जखम सुकली का? नर्सबाई येतात ना?

खरं सांगू? त्यानंतर मी गाढ झोपले. उठले तेव्हा तुझी जागरणं आठवली, आणि चहासुद्धा गोड लागेना.

रविवारी पोचतेच आहे. त्या दिवशी आईचं सगळं मी करीन, तू नुसती पडून राहा.

फोनवर मी रोज विचारते, आईला दुखतंय का. तू "नाही गं" म्हणतेस, आणि मी सुटले म्हणत फोन ठेवते.

ताई, तुला दुखतंय का गं?

तुझीच,
चिमी